ज्यूद्वेष आणि प्राध्यापकाची नोकरी



परळची हाफकिन संस्था आपल्यापैकी पुष्कळांना नावाने ठाऊक आहे. परंतु हे हाफकिन कोण, असा प्रश्न मी अनेक शिकल्यासवरल्या गृहस्थांना विचारून पाहिला, तेव्हा "कोणी तरी इंग्रज डॉक्टर असावा" हेच उत्तर बहुधा मिळाले. ते इंग्रजही नव्हते आणि डॉक्टरही नव्हते. वॉल्डेमार हाफकिन हे ओडेसा शहरचे, झारच्या अमलाखालचे एक ज्यू प्राणिशास्त्रज्ञ. जन्म १८६० चा. विद्यापीठात त्यांना जागा मिळण्यासारखी होती. अट एकच, ज्यू धर्म सोडून ख्रिस्ती व्हावयाचे. त्यांनी ती मानली नाही आणि देश सोडला. पॅरिसला पाश्चरच्या संस्थेत त्यांनी पटकीची लस तयार केली, १८९३ साली ते हिंदुस्थानात आले, आणि १८९६ च्या अखेरीस मुंबईत प्लेगने धुमाकूळ मांडला तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजातील एका लहानशा जागेत बसून त्यांनी प्लेगची लस बनविली. १० जानेवारी १८९७ रोजी ती त्यांनी स्वतःच्याच अंगात टोचून घेतली.

पुढची हकीकत कमी लोकांना माहीत आहे. १९०२ साली पंजाबातील मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतील लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. चूक गावात बाटली उघडणाऱ्याची की मुंबईच्या प्रयोगशाळेची, हा खरा प्रश्न होता. सरकारने प्रयोगशाळेवर ठपका ठेवला आणि हाफकिन यांना कामावरून दूर केले. ते निर्दोष ठरावयास १९०७ साल उजाडले. त्या काळी कित्येकांनी यास 'छोटे ड्रायफस प्रकरण' म्हटले. ड्रायफस हा फ्रेंच सैन्यातील ज्यू अधिकारी. १८९४ साली हेरगिरीच्या खोट्या आरोपावरून त्याला शिक्षा झाली आणि साऱ्या फ्रान्समध्ये ज्यूंविरुद्ध आरोळ्या उठल्या.

आजच्या विषयाच्या दोन्ही बाजू या एका माणसाच्या चरित्रात सापडतात. केवळ ज्यू म्हणून विद्यापीठाचे दार बंद होणे ही एक, आणि ज्याच्यावर आरोप आहे त्याचे नीट ऐकून न घेता त्याची भाकरी काढून घेणे ही दुसरी. अमेरिकेच्या विद्यापीठांत गेली काही वर्षे या दोन अन्यायांविरुद्धचे दोन लढे एकमेकांवर येऊन आदळले आहेत. ज्यू विद्यार्थी म्हणतात, आम्हांला येथे भय वाटते. प्राध्यापक म्हणतात, त्या भयाचे नाव पुढे करून आमची तोंडे बांधली जात आहेत. दोघांचेही म्हणणे पुष्कळ अंशी खरे आहे आणि म्हणूनच विषय अवघड आहे. युनियनच्या माणसाने यात का पडावे, असे कोणी विचारील. माझे शिक्षण नववीपर्यंतचे. इंग्रजी शिकलो ते लेबर कोर्टाचे निकाल वाचता वाचता. पण प्राध्यापक हाही पगारदारच, आणि पगारदाराला कामावरून कसे काढतात हे समजावयास पदवी लागत नाही.

आपणा महाराष्ट्रीयांना ज्यूद्वेष म्हणजे काय हे पुस्तकातूनच कळते. कोकणात बेने इस्राएल मंडळी शतकानुशतके तेल गाळीत राहिली. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. पेणकर, रोहेकर, केहिमकर अशी गावावरून आडनावे, घरात मराठी. १९४८ नंतर त्यांच्यातील बहुतेक लोक इस्राएलला गेले, पण येथल्या कोणी त्यांना हाकलले म्हणून नव्हे. ज्यू म्हणून निवडून माणसे मारण्याचा प्रकार मुंबईने पाहिला तो २००८ च्या नोव्हेंबरात, नरिमन हाउसमध्ये, आणि तो समुद्रातून आलेल्यांनी केला. त्यामुळे होते काय, की एखादा ज्यू विद्यार्थी 'मला भय वाटते' म्हणाला तर आपल्याला ते नाटक वाटण्याचा संभव फार.

ज्यूद्वेष इतर द्वेषांसारखा असूनही एका बाबतीत वेगळा आहे. बहुतेक द्वेष खाली पाहतो : अमुक लोक हलके, घाणेरडे, अडाणी. ज्यूद्वेष खालीही पाहतो आणि वरही पाहतो. गरीब ज्यू कळकट म्हणून नकोसा, श्रीमंत ज्यू सावकार म्हणून. पेढीवाला ज्यू जगाला लुबाडतो आणि समाजवादी ज्यू जगात बंडाळी माजवतो. म्हणजे भांडवलदार तोच आणि क्रांतिकारकही तोच! सगळ्या घटनांमागे एक लपलेला हात आहे आणि तो ज्यूचा आहे, ही यातली मूळ कल्पना. कामगार चळवळीला हा रोग बाहेरून पाहता आलेला नाही. मालकाविरुद्धचा संताप ज्यू सावकाराकडे वळवून दिला की मालक मोकळा राहतो, हे युरोपातील चतुर पुढाऱ्यांनी फार लवकर ओळखले. जुने समाजवादी या प्रकाराला 'मूर्खांचा समाजवाद' म्हणत.

आणि हा रोग अडाण्यांचा नव्हे, हे विशेष. ७ एप्रिल १९३३ रोजी हिटलर सरकारने कायदा करून ज्यू नोकरदारांना सरकारी जागांवरून काढले. जर्मनीत विद्यापीठे सरकारी, म्हणून प्राध्यापकही गेले. पुढच्याच महिन्यात, १० मे रोजी, पुस्तकांच्या होळ्या पेटल्या आणि त्या पेटविण्यात पुढाकार विद्यार्थ्यांचा होता. गटिंगेन विद्यापीठात जेम्स फ्रांक हे नोबेल पारितोषिक मिळालेले ज्यू शास्त्रज्ञ होते. पहिल्या महायुद्धात लढलेले म्हणून त्यांना कायद्यातून सूट होती. तरीही इतरांवरील अन्यायाच्या निषेधार्थ त्यांनी राजीनामा दिला. त्यावर तेथील ४२ अध्यापकांनी सही करून पत्रक काढले. ते फ्रांक यांच्या बाजूने नव्हते! राजीनामा देऊन त्यांनी देशाचा घात केला, असा त्याचा आशय होता. शेजारच्या खोलीत बसणाऱ्या माणसाची नोकरी जात असता तिच्याविरुद्ध ४२ सह्या. संपात फुटलेल्या माणसांविषयी आम्ही कडक बोलतो, पण त्यांच्या घरी निदान चूल विझलेली असते.

अमेरिकेत असे काही घडले नाही, परंतु दार तेथेही पूर्ण उघडे नव्हते. १९२२ साली हार्वर्डचे अध्यक्ष लॉवेल यांनी ज्यू विद्यार्थ्यांची संख्या ठरावीक प्रमाणाबाहेर जाऊ नये अशी योजना मांडली. उघड प्रमाण नाकारले गेले, मग 'चारित्र्य', 'व्यक्तिमत्त्व', अर्जावरील छायाचित्र, दूरच्या प्रांतांतील विद्यार्थ्यांना प्राधान्य असे आडमार्ग निघाले आणि काम साधले. प्राध्यापकांच्या जागा तर त्याहून दुर्मीळ. आज तेथे ज्यू विद्यार्थी आणि ज्यू प्राध्यापक मोठ्या संख्येने आहेत. परंतु ऑगस्ट २०१७ मध्ये शार्लट्सव्हिल येथे व्हर्जिनिया विद्यापीठाच्या आवारातून गोऱ्या वर्णवाद्यांनी मशाली घेऊन, ज्यू आमची जागा घेऊ शकणार नाहीत अशा घोषणा देत मिरवणूक काढली. आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये पिट्सबर्गच्या प्रार्थनामंदिरात ११ ज्यूंना गोळ्या घालून मारण्यात आले. आजोबांचे भय नातवाने उगीच उकरून काढले आहे असे म्हणण्यास जागा नाही.

आता दुसरी बाजू. अमेरिकेत साधारण नोकराला मालक कारण न सांगता काढू शकतो. आपल्याकडील कायद्याची सवय असलेल्या माणसाला हे खरे वाटत नाही. या नियमाला जे मोठे अपवाद आहेत त्यांत एक युनियनचा करार आणि दुसरा प्राध्यापकाची कायम नेमणूक. तिला तेथे 'टेन्युअर' म्हणतात. काही वर्षे उमेदवारी, मग बरोबरीच्या विद्वानांकडून कामाची पारख, आणि त्यानंतर सबळ कारण दाखवून, चौकशी करूनच काढता येईल अशी जागा. ही गोष्ट कोणी दयेने दिलेली नाही. १९०० साली स्टॅनफर्ड विद्यापीठातून रॉस नावाच्या प्राध्यापकाला जावे लागले, कारण विद्यापीठाची मालकीण म्हणावी अशी जी बाई, रेल्वेच्या धनाढ्य मालकाची विधवा, तिला त्याची मते खपली नाहीत. ती मते कोणती? एक, ट्राम नगरपालिकेच्या मालकीच्या असाव्यात. दुसरे, जपानी मजुरांना देशात येऊ देऊ नये. आणि हे दुसरे मत त्याने फार हिंस्र शब्दांत मांडले होते. म्हणजे ज्याच्यापासून ही चळवळ सुरू झाली तो माणूस एका तोंडाने कामगारांचा आणि दुसऱ्या तोंडाने वंशद्वेष्टा होता. हे लक्षात ठेवावे. पुढे उपयोगी पडेल. त्याच्यासाठी राजीनामा देणाऱ्यांत लव्हजॉय हे तत्त्वज्ञ होते. त्यांनी आणि जॉन ड्यूई यांनी १९१५ साली प्राध्यापकांची संघटना उभारली. तिने १९४० साली जी तत्त्वे संस्थाचालकांबरोबर ठरविली ती आज बहुतेक विद्यापीठांच्या नियमांत आहेत. वर्गात आपल्या विषयापुरते स्वातंत्र्य, संशोधनाचे स्वातंत्र्य, आणि विद्यापीठाबाहेर नागरिक म्हणून बोलण्याचे स्वातंत्र्य. बाहेरचे बोलणे तो माणूस शिकविण्यास अपात्र असल्याचा पुरावा ठरत असेल तरच त्याकडे पाहावयाचे, तेही त्याचे सारे काम डोळ्यांपुढे ठेवून.

आता एक प्रकरण जरा सविस्तर सांगतो, कारण त्यात सगळा मसाला आहे.

स्टीव्हन सलाइटा हे अमेरिकेतच जन्मलेले अरब वंशाचे प्राध्यापक. ऑक्टोबर २०१३ मध्ये इलिनॉय विद्यापीठाने त्यांना कायम जागेचे पत्र दिले, त्यांनी ते स्वीकारले, पहिल्या विद्यापीठाचा राजीनामा दिला. ऑगस्ट २०१४ मध्ये रुजू व्हावयाचे होते, वर्ग नेमून दिले होते. त्या उन्हाळ्यात गाझात युद्ध पेटले. सलाइटा ट्विटरवर लिहीत होते, आणि लिहिणे सौम्य नव्हते. आज इस्राएलची बाजू घेणारा माणूस भयंकर माणूस होय, या अर्थाचे एक. ज्यूद्वेषासारख्या घोर गोष्टीला झायनवादाने सन्मान मिळवून दिला, या अर्थाचे दुसरे. हे वाचून कोणाही ज्यू बापाच्या पोटात गोळा यावा. त्याच माणसाने त्याच दिवसांत ज्यू मूल आणि अरब मूल देवाच्या दृष्टीने सारखेच असेही लिहिले होते, पण ते कोणी दाखवीत नाही. देणगीदारांची पत्रे आली : यापुढे पैसे नाहीत. ऑगस्टच्या आरंभी विद्यापीठाच्या प्रमुखांनी सलाइटा यांना कळविले की तुमची नेमणूक नियामक मंडळापुढे ठेवली जाणार नाही. मंडळाची मंजुरी ही एरवी शिक्का मारण्याची बाब. शिकविणे सुरू झाल्यावरही ती होत असे. सप्टेंबरात मंडळाने ८ विरुद्ध १ मतांनी नेमणूक फेटाळली. कारण सांगितले ते 'सभ्यता' नसल्याचे.

विद्यापीठाने कोर्टात मांडलेला युक्तिवाद आमच्या धंद्यातल्या माणसाला पाठ आहे : मंडळाची सही झाली नव्हती, म्हणून करारच नव्हता. हंगामी कामगाराला वर्षानुवर्षे राबवून 'ऑर्डर कुठे आहे?' विचारणारा मॅनेजर याच भाषेत बोलतो. ऑगस्ट २०१५ मध्ये न्यायाधीशांनी तो फेटाळताना म्हटले, त्याचा मतितार्थ असा की हे खरे धरले तर अमेरिकेत प्राध्यापक नेमण्याची सारी पद्धतच कोसळेल. प्राध्यापक संघटनेने त्याआधीच विद्यापीठावर निषेधाचा ठराव केला होता. गंमत अशी की या विद्यापीठाला हा मान पूर्वीही मिळालेला होता. १९६० साली एका जीवशास्त्राच्या अध्यापकाने विवाहापूर्वीच्या शरीरसंबंधात वावगे नाही असे विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रात लिहिले म्हणून त्याला काढले होते. तेव्हा अब्रू धर्ममार्तंडांची गेली होती, आता देणगीदारांची. नोव्हेंबर २०१५ मध्ये तडजोड झाली : सलाइटांना ६ लाख डॉलर, वकिलांना २ लाख ७५ हजार. नोकरी मात्र नाही. पुढे काही काळ त्यांनी वॉशिंग्टनजवळ शाळेची बस चालविली. बस चालविणे हे हलके काम नव्हे. पण विद्यापीठांनी दारे बंद केलेला माणूस तेथे आला होता, हेही खरे.

माझे मत विचाराल तर सलाइटांची ती वाक्ये मला आवडली नाहीत. पण 'सभ्यता' हा शब्द नोकरीच्या अटींत शिरला की तो फक्त खालच्यांना लागू होतो, हे तीस वर्षांत पुष्कळ पाहिले आहे. एका कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत एका कामगाराने दुसऱ्याला धर्मावरून अर्वाच्य शिवी दिली. ज्याला शिवी बसली तोही आमचाच सभासद. व्यवस्थापनाने तडकाफडकी बडतर्फीचे पत्र काढले. चौकशीचा आग्रह धरला तेव्हा हळूहळू उलगडले की मालकाला तो माणूस नकोसा होता तो मागल्या बोनसच्या भांडणात पुढे होता म्हणून. त्याला चार दिवसांची बिनपगारी सजा झाली, आणि ज्याला शिवी दिली त्याची त्याने सर्वांसमोर माफी मागितली. शिवी खाणाऱ्याचे म्हणणे चौकशीत पहिल्याने नोंदले गेले. बडतर्फीच्या पत्रात त्याचे नावसुद्धा नव्हते.

मग खरा ज्यूद्वेष्टा प्राध्यापक असेल तर? तसेही आहेत. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात आर्थर बुट्झ नावाचे विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक. हिटलरने साठ लाख ज्यू मारले ही थाप आहे असे म्हणणारे पुस्तक त्यांनी १९७६ साली काढले. याहून नीच खोटे कोणते असेल! विद्यापीठाने त्यांना काढले नाही. कारण ते वर्गात फक्त विजेचेच शिकवीत आणि कायम होते. २००६ साली इराणच्या अध्यक्षांनी तसलेच उद्गार काढले, बुट्झ यांनी त्यांची वाहवा केली, तेव्हा विद्यापीठाच्या अध्यक्षांनी जाहीर निर्भर्त्सना केली पण नोकरीला हात लावला नाही. येथपर्यंत तत्त्व म्हणून ठीक. आता दुसरा भाग ऐका. त्याच विभागांत एक तात्पुरता अध्यापक होता. बुट्झ यांच्या खोटेपणाला उत्तर द्यावे म्हणून त्याने आपल्या अभियांत्रिकीच्या वर्गात ज्यूंच्या संहाराचा विषय घेतला. १९९० नंतरच्या दशकातली ही गोष्ट. विषयाबाहेरचे शिकविले म्हणून त्याचा करार पुढे वाढविला गेला नाही. नियमाने पाहिले तर बरोबर. पण चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते याहून निराळे काय असते? या दोघांतला फरक सत्य-असत्याचा नव्हता. एक कायम होता आणि दुसरा बदली.

वाचाळ प्राध्यापक आणि ज्यूंना छळणारा माणूस यांतली रेघ कोठे काढावी, हे समजावयास कॉर्नेल विद्यापीठाचे उदाहरण बरे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या लोकांनी इस्राएलमध्ये शिरून सुमारे १,२०० माणसे मारली आणि अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. त्यानंतरच्या युद्धात गाझात हजारोंच्या हजारो लोक, त्यांत असंख्य मुले, ठार झाली. त्या ऑक्टोबरातच कॉर्नेलच्या इतिहासाच्या एका प्राध्यापकाने सभेत सांगितले की हल्ल्याच्या बातमीने आपल्याला स्फुरण चढले. संताप उसळला, त्यांनी माफी मागितली, रजेवर गेले, पुढे परत आले. त्याच महिन्यात त्याच विद्यापीठाच्या एका विद्यार्थ्याने ज्यू विद्यार्थी जेथे जेवतात तेथे गोळ्या घालीन अशा धमक्या लिहिल्या. त्याला २१ महिन्यांची कैद झाली. पहिले बोलणे निर्दय होते, दुसरे गुन्हा होते. दोन्हींना 'ज्यूद्वेष' हे एकच लेबल लावले की पहिल्याला नाहक चाबूक बसतो आणि दुसऱ्याचे गांभीर्य उतरते.

मधले प्रकार आहेतच. ओबर्लिन कॉलेजातील एका साहाय्यक प्राध्यापिकेने फेसबुकवर रॉथशिल्डच्या चित्राखाली वर्तमानपत्रे, तेल, सरकारे सर्व आमच्या मालकीची अशा अर्थाचा मजकूर पसरविला आणि न्यूयॉर्कच्या मनोऱ्यांवरील हल्ल्यामागे ज्यू असल्याचे सुचविले. तो अस्सल जुना 'लपलेला हात' होय. यात इस्राएल सरकारवरील टीका शोधू नये. चौकशीअंती २०१६ साली तिला काढण्यात आले. मिशिगनचे प्रकरण याहून सरळ. २०१८ साली तेथील एका प्राध्यापकाने विद्यार्थिनीला शिफारसपत्र देण्याचे कबूल केले आणि ती इस्राएलमध्ये शिकावयास जाणार हे कळताच नकार दिला. त्याची त्या वर्षीची पगारवाढ गेली आणि दोन वर्षे अभ्यासरजा बंद झाली. मला ही शिक्षा रास्त वाटते. आपली मते त्याने खुशाल मांडावी. परंतु विद्यार्थिनीच्या पत्रावर राजकारण करणे म्हणजे आपल्या बाजूच्या गिऱ्हाइकालाच तिकीट देणारा कंडक्टर होणे.

एवढा विवेक प्रत्येक वेळी करीत बसण्यापेक्षा एक व्याख्या करून टाकावी, असे काहींना वाटले. २००४-०५ च्या सुमारास केनेथ स्टर्न या ज्यू वकिलाच्या पुढाकाराने एक मसुदा तयार झाला. युरोपात ज्यूद्वेषी घटनांची मोजदाद करणाऱ्यांना एकसारखे माप हवे होते, म्हणून. २०१६ साली एका आंतरराष्ट्रीय संस्थेने तो स्वीकारला. त्यात ११ उदाहरणे आहेत आणि त्यांतील कित्येक इस्राएलविषयी आहेत. इस्राएलचे अस्तित्वच वर्णद्वेषी उद्योग म्हणणे हे त्यांतले एक. डिसेंबर २०१९ मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी आज्ञा काढून सरकारी खात्यांना ही व्याख्या विचारात घ्यावयास सांगितले. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानुसार, जेथे वंश, वर्ण किंवा मूळ देश यांवरून भेदभाव होतो त्या संस्थेचा सरकारी पैसा बंद करता येतो. त्यात धर्माचा उल्लेख नाही. ज्यू लोक समान वंशपरंपरेचे म्हणून त्यात येतात. कायदा चांगला आहे, काळ्या लोकांनी रक्त सांडून मिळविलेला आहे. परंतु त्याच्या दोरीला ही व्याख्या बांधली की प्राध्यापकाचे एक वाक्य आणि विद्यापीठाचे कोट्यवधी डॉलर एकाच तागडीत पडतात. साप साप म्हणून भुई धोपटली जाणार हे सर्वांत आधी कोणी सांगितले असेल तर खुद्द स्टर्न यांनी. विद्यापीठातील भाषणावर अंकुश म्हणून ही व्याख्या वापरू नका, असे ते अमेरिकन संसदेपुढेही सांगून आले. २०२१ साली ज्यू अभ्यासाच्या अनेक विद्वानांनी जेरुसलेमच्या नावाने दुसरी व्याख्या मांडली, ती बरीच सावध आहे. सरकारांनी तिची फारशी दखल घेतली नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये हार्वर्ड, पेनसिल्व्हेनिया आणि एमआयटी यांच्या तिघी अध्यक्षांना संसदेच्या समितीपुढे बोलावले. ज्यूंच्या वंशसंहाराची हाक देणे तुमच्या नियमांत बसते का, असा प्रश्न आला आणि तिघींनी 'संदर्भावर अवलंबून' अशा वकिली उत्तराचा आश्रय केला. कायद्याने उत्तर चुकीचे नव्हते. पण ज्या विद्यापीठांनी आदल्या दहा वर्षांत इतर समाजांना बोचेल असा लहानसा शब्दही उच्चारू नये म्हणून पत्रके काढली, त्यांना ज्यूंच्या वेळीच भाषणस्वातंत्र्य आठवावे, हे लोकांना झोंबले. आपला तो बाब्या, दुसऱ्याचे ते कार्टे. दोघींच्या जागा गेल्या.

त्यानंतर लहान माशांची पाळी आली. आपल्याशी संबंध असलेले एक नाव सांगतो. मॉरा फिंकेलस्टाईन या मानववंशशास्त्राच्या प्राध्यापिका. मुंबईच्या गिरण्या संपल्या असे सगळे म्हणत असता ज्या एका खासगी गिरणीत चात्या अजून फिरत होत्या, तेथील कामगारांत वावरून त्यांनी २०१९ साली पुस्तक प्रसिद्ध केले. आमच्या गिरणगावाचे दुःख जगाला सांगणारी ही बाई, स्वतः ज्यू. पेनसिल्व्हेनियातील म्युलेनबर्ग कॉलेजात त्या कायम होत्या. झायनवाद्यांना आपल्यात स्थान देऊ नका, त्यांना लाज वाटू द्या, अशा आशयाचा एका पॅलेस्टिनी-अमेरिकन कवीचा मजकूर त्यांनी समाजमाध्यमावर पुढे पाठविला, आणि २०२४ साली कॉलेजने त्यांना बडतर्फ केले. त्या कॉलेजात ज्यू विद्यार्थी पुष्कळ आहेत, आणि इस्राएलविषयीचा ओढा हा त्यांतल्या अनेकांना आपल्या ज्यूपणाचाच भाग वाटतो. 'ही बाई मला नीट गुण देईल का?' हे त्यांचे विचारणे अगदी योग्य होते. त्याचे उत्तर त्यांनी तपासलेल्या पेपरांत आणि वर्गातल्या वर्तनात शोधावयाचे होते. ते त्या मजकुरात सापडत नाही.

श्रोतेहो, येथे आपली स्वतःची परीक्षा घ्यावी म्हणून शेवटचे उदाहरण देतो. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एमी वॅक्स या कायद्याच्या कायम प्राध्यापिका आहेत. अमेरिकेत आशियाई लोक कमी असतील तर बरे, असे त्यांनी म्हटले. २०२२ साली एका मुलाखतीत भारतातून आलेल्या ब्राह्मण स्त्रियांना त्यांनी नावे ठेवली आणि आपल्या देशाबद्दल जो शब्द वापरला तो या व्यासपीठावरून उच्चारण्यासारखा नाही. या बाईही ज्यू. २०२४ साली त्यांना अर्ध्या पगारावर एक वर्ष निलंबित केले, मानाचे पद काढून घेतले, पण नोकरी गेली नाही. आता, सलाइटांची नोकरी राहावी असे म्हणणारे आपल्यातले किती जण या बाईची राहावी म्हणतील? मी म्हणतो. विद्यार्थ्यांना जाहीरपणे हिणविल्याबद्दल सजा योग्यच होती. मतांबद्दल बडतर्फी झाली असती तर मी तिच्या विरुद्ध बोललो असतो. रॉसची आठवण ठेवा असे मघाशी म्हटले ते यासाठी.

आता पैशाची गोष्ट. मार्च २०२५ मध्ये सरकारने कोलंबिया विद्यापीठाचे ४० कोटी डॉलरचे अनुदान ज्यूद्वेषाला आळा घातला नाही म्हणून रोखले. त्याच महिन्यात, तेथील विद्यार्थी-कामगारांच्या युनियनच्या अध्यक्षाला, कराराची बोलणी सुरू व्हावयाच्या आदल्या दिवशी विद्यापीठाने काढून टाकले. कारण दिले ते आदल्या वर्षीच्या निदर्शनांचे. जुलैत कोलंबियाने २० कोटींहून अधिक डॉलर भरण्याचे कबूल करून तडजोड केली. हार्वर्ड झुंजले. त्याचे २०० कोटींवर डॉलर एप्रिल २०२५ मध्ये गोठविले गेले, आणि त्यांत मोठा भाग रोगांवरील संशोधनाचा होता. प्रयोगशाळेत उंदरांना दाणे घालणाऱ्या पोराचा पगार थांबल्याने कोणत्या ज्यू विद्यार्थ्याचे भय कमी झाले, हे मला कोणी समजावून सांगावे. हार्वर्डने स्वतः नेमलेल्या समितीने त्याच महिन्यात अहवाल देऊन कबूल केले की ज्यू आणि इस्राएली विद्यार्थ्यांना तेथे वाळीत टाकल्यासारखे वागविले गेले. मुसलमान आणि अरब विद्यार्थ्यांच्या हालांचा दुसरा अहवाल त्याच दिवशी निघाला. खरे काम अशा अहवालांतूनच सुरू होते, पण त्याचा गवगवा होत नाही.

या सर्व प्रकरणांत ज्यांची नावे मी घेतली ते बहुतेक कायम जागेवरचे. अमेरिकेत शिकविणाऱ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोक कायम नाहीत आणि कायम होण्याच्या वाटेवरही नाहीत. त्यांचे प्रकरण होत नाही. उन्हाळ्यात पुढल्या वर्षाचे पत्र येत नाही, इतकेच. प्राध्यापकांची ती १९१५ ची संघटना बराच काळ स्वतःला कामगार संघटना म्हणवून घ्यावयास लाजत असे. २०२२ साली ती शिक्षकांच्या मोठ्या कामगार महासंघाशी जोडली गेली. हार्वर्डच्या पैशांबाबत विद्यापीठाच्याही आधी कोर्टात गेली ती हीच संघटना, आणि तिच्याबरोबर वादी म्हणून मोटार कामगारांचे युनियन होते, कारण हार्वर्डचे हजारो संशोधक-मजूर त्याचे सभासद आहेत. ३ सप्टेंबर २०२५ रोजी बोस्टनच्या न्यायाधीश बाईंनी निकाल दिला : पैसा रोखणे बेकायदा, ज्यूद्वेषाचे निमित्त हा सरकारने उभा केलेला धुराचा पडदा. त्याच निकालात त्यांनी हेही नोंदविले की हार्वर्डने द्वेषाचे वर्तन फार काळ चालू दिले, ही त्याची चूक होती. या निकालाविरुद्ध अपील करणार, असे सरकारने लगेच जाहीर केले.